सीसा परीक्षा: तालुक्याच्या ठिकाणी ऑडिट करणाऱ्यानं द्यावी का?

पॅनलवरचे, म्हणजे सहकार खात्याच्या नामतालिकेवरचे ऑडिटर भेटले की हल्ली हा विषय निघतोच. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या पट्ट्यात सेवा सोसायट्या (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्था) आणि पतसंस्थांचं वैधानिक लेखापरीक्षण करणारी आम्ही बहुतेक जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका झालेली मंडळी. कम्प्युटर ऑडिटची एक बाहेरची परीक्षा आहे, पन्नासेक हजार लागतात, आणि मी ती पास झाले आहे, एवढं कानावर आलेलं असतं. मग फोन येतो, "ताई, करावं का? पैसे वसूल होतात का?" फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर आधीच देऊन टाकते. तुमच्याकडच्या निम्म्याहून जास्त संस्था सॉफ्टवेअरवर गेल्या असतील आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तुम्ही हेच काम करणार असाल, तर जरूर करा. ऑडिट फी वाढेल किंवा नामतालिकेत वजन पडेल या आशेनं करणार असाल, तर पैसे जवळ ठेवा. तसं काही होत नाही.

सीसा म्हणजे सर्टिफाइड इन्फर्मेशन सिस्टम्स ऑडिटर. परीक्षा घेते आयसाका ही अमेरिकेतली संस्था. १९६९ साली ई.डी.पी. ऑडिटर्स असोसिएशन या नावानं ती सुरू झाली. कम्प्युटर खोलीभर मोठे होते त्या काळापासून ही माणसं एकाच प्रश्नामागे आहेत: हिशेब यंत्रात गेल्यावर तो तपासायचा कसा? सीसा ही परीक्षा १९७८ पासून चालू आहे. १५० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ ४ तास. गुण २०० ते ८०० या मापात देतात आणि ४५० ला पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. परीक्षेला बसायला कुठल्याही पदवीची अट नाही. अनुभवाची अट आहे, पण ती प्रमाणपत्र हातात घेताना लागते. त्याबद्दल पुढे.

पैशांचं गणित असं. परीक्षा फी सदस्यांना ५७५ डॉलर, इतरांना ७६०. सदस्यत्व १४५ डॉलर आणि त्यावर आपण निवडू त्या चॅप्टरची, म्हणजे स्थानिक शाखेची, वर्गणी. म्हणजे नुसत्या परीक्षेपुरतं पाहिलं तर सदस्य झाल्यानं फार काही वाचत नाही, पण पुस्तक आणि प्रश्नसंच सदस्यांना स्वस्त पडतात, तिथं फरक भरून निघतो. मी पुणे चॅप्टर घेतला. पास झाल्यावर अर्जाचे ५० डॉलर वेगळे, आणि प्रमाणपत्र चालू ठेवायला दरवर्षी सदस्यांना ४५ आणि इतरांना ८५ डॉलर. हे सगळं डॉलरमध्ये, परदेशी व्यवहाराला परवानगी असलेल्या कार्डावरून. आपल्याकडे पुष्कळांच्या कार्डावर ती सोय बंद असते, ती आधी बँकेत जाऊन चालू करून घ्या. पुस्तक, प्रश्नसंच, प्रवास धरून एक लाखाच्या आतबाहेर खर्च येतो असं समजून चाला. सोसायटीच्या ऑडिटची फी आपल्याला काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ही रक्कम लहान नाही हे मी मोकळेपणानं सांगते.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची योजना. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. आपल्या सेवा सोसायट्या त्यातच आल्या. ज्या सोसायटीत परवापर्यंत लाल कापडात बांधलेली खतावणी असायची, तिथं आता किर्द (रोजची नोंदवही), खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) सगळं स्क्रीनवर आहे. पतसंस्था तर त्याच्याही आधीपासून खासगी सॉफ्टवेअरवर आहेत. ऑडिट मात्र आपण अजून कागदावरच करतो. गटसचिव, म्हणजे सोसायट्यांचं दप्तर सांभाळणारा सचिव, प्रिंट काढून देतो, आपण हिरव्या पेननं टिका मारत जातो, तेरीज जुळते आणि आपण समाधानानं उठतो. ती जुळणारच, बेरीज यंत्रानं केलेली असते. ही नोंद कुणाच्या आयडीवरून पडली, कोणत्या तारखेला पडली, नंतर कुणी बदलली का आणि बदलली असेल तर जुना आकडा कुठं दिसतो, हे कागदावर कधीच येत नाही. एका सोसायटीत मी हे विचारायला लागले तेव्हा गटसचिव म्हणाले, "म्याडम, कम्प्युटरनं काढलं हाये, त्यात चूक कशी असन?" ते अगदी मनापासून म्हणत होते. गावातला सभासदही हेच म्हणतो. छापील पावती आली की त्याचा विश्वास बसतो, आणि तो विश्वास सांभाळणं हे आपलं काम आहे.

पतसंस्थांच्या बाबतीत मला हे जास्त टोचतं. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी गेले, ती बातमी सगळ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली आणि २०१९ च्या शेवटी बँकेच्या डिजिटल पसाऱ्याप्रमाणे पायऱ्या ठरवून दिल्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. मग तिथल्या सर्व्हरकडे, पासवर्डकडे, बॅकअपकडे वर्षातून एकदा बाहेरचं कोण पाहतं? वैधानिक लेखापरीक्षक. दुसरं कुणी नाही. आणि त्यालाच ते कसं पाहायचं हे कुणी शिकवलेलं नाही. जी.डी.सी. अँड ए. च्या अभ्यासानं मला सहकार कायदा आणि हिशेब पक्का शिकवला, त्याचं ऋण मोठं आहे, पण लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याची यंत्रानं ठेवलेली नोंद, कसा वाचायचा हे त्यात नव्हतं.

शिकल्यावर काय बदललं, याचं एक उदाहरण देते. पिग्मीचं मशीन आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दैनिक ठेवीचा एजंट सकाळी शाखेत येतो, क्लार्क त्याच्या मशीनमध्ये त्या दिवशीची खाती आणि शिलका भरून देतो. दिवसभर एजंट पानठेला, किराणा, कृषी केंद्र, चहाची टपरी अशी वसुली करतो, मशीनमधून पावती देतो, आणि संध्याकाळी मशीन परत शाखेत जोडून वसुली मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ओढली जाते. आपण काय तपासतो? एजंटानं जमा केलेली रोकड आणि त्या दिवसाची पिग्मी जमा जुळते का. जुळते. मी अभ्यासाला लागल्यानंतर एका पतसंस्थेत क्लार्कला म्हटलं, भाऊ, मशीनमधून निघते ती फाइल मला दाखवा. त्यानं डेस्कटॉपवरचं एक फोल्डर उघडलं. फाइलवर दोनदा क्लिक केलं तर ती सरळ नोटपॅडमध्ये उघडली. एका रेषेत खाते क्रमांक, पुढे तारीख, पुढे रक्कम. कुठलंही कुलूप नाही. ५०० चे ३०० करून फाइल सेव्ह करायची आणि मग सॉफ्टवेअरमध्ये ओढायची, एवढंच काम. ग्राहकाकडे ५०० ची पावती, खात्यात ३००, आणि रोकड फाइलशी जुळलेली. आपल्या हिरव्या टिकेला हे जन्मात सापडणार नाही.

तिथं कुणी तसं केलं होतं असं मी म्हणत नाही. तसं आढळलं नाही. पण दार उघडं होतं. लेखापरीक्षण अहवालात मी लिहिलं की मशीनवर दिवसअखेर निघणारी एकूण वसुलीची चिठ्ठी एजंटाच्या सहीनिशी फायलीला लावावी, ती रक्कम सॉफ्टवेअरमध्ये ओढल्यानंतरच्या बेरजेशी शाखाधिकाऱ्यानं रोज जुळवावी, फोल्डरवर क्लार्कला बदलाचा अधिकार नसावा, आणि प्रत्येक पिग्मी जमेचा एसएमएस ग्राहकाला जावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे तो एसएमएस. संचालक मंडळानं तो लगेच मान्य केला. दोन यंत्रणांच्या मधल्या सांध्यात आकडा बदलू शकतो, त्यामुळे दोन्ही टोकांच्या बेरजा आणि नोंदींची संख्या जुळवायची, ही नजर मला सीसाच्या अभ्यासानं दिली.

अभ्यासक्रमाचे पाच भाग आहेत आणि ऑगस्ट २०२४ पासून त्यांचं वजन बदललं आहे. ऑडिटची प्रक्रिया १८ टक्के, आय.टी. चा कारभार आणि व्यवस्थापन १८, नवीन यंत्रणा घेणं आणि बसवणं १२, रोजचं कामकाज आणि संकटात टिकून राहणं २६, माहितीची सुरक्षा २६. पहिला भाग आपल्याला सोपा जातो. नमुना निवड, पुरावा, कागदपत्रं, स्वतंत्र मत, हे आपण आयुष्यभर करत आलो. दुसरा भाग मला कोरडा वाटला. मोठमोठ्या कंपन्यांच्या समित्या आणि धोरणं. संचालक मंडळाची जबाबदारी एवढं त्यातलं कामाचं. पाचव्यात नेटवर्क, फायरवॉल, एन्क्रिप्शन येतं. ज्यानं कधी राउटरच्या सेटिंगला हात लावलेला नाही त्याला तिथं घाम फुटतो, पण विचारतात ते तत्त्व, यंत्राची जोडणी नाही. वेळ द्या, जमतं.

तिसऱ्या भागाला अवघं १२ टक्के वजन आहे म्हणून बहुतेक जण तो उरकून टाकतात. आपल्या लोकांनी तो सगळ्यात जीव लावून वाचावा असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी माहिती नव्या यंत्रणेत आणण्याचा विषय त्यातच आहे, आणि आज आपल्या प्रत्येक सेवा सोसायटीत तेच चाललेलं आहे. कर्जखतावणीतून शिलका उचलून सॉफ्टवेअरमध्ये भरल्या जातात. कुठं व्याज मुद्दलात मिसळतं. कुठं एकाच सभासदाचं नाव खरीप कर्जात एका तऱ्हेनं आणि शेअर रजिस्टरला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं असतं, त्यामुळे तो दोन माणसं होऊन बसतो. कुठं वारलेल्या सभासदाच्या नावावर बाकी राहते आणि वारसाचा पत्ता नसतो. संस्थेची एकूण येणे बाकी जुळली म्हणून हे सगळं ठीक ठरत नाही, कारण एकाचे वाढलेले हजार आणि दुसऱ्याचे कमी झालेले हजार बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात. कर्जमाफीची यादी निघते तेव्हा तोच सभासद ए.आर. (सहायक निबंधक) ऑफिसच्या पायऱ्या झिजवत बसतो. या भागात शिकवलेली पद्धत साधी आहे. जुन्या आणि नव्या बाजूची खात्यांची संख्या जुळवा, एकूण रकमा जुळवा, मग नमुन्याची खाती दोन्ही बाजूंनी तपासा: वहीतून स्क्रीनकडे आणि स्क्रीनवरून वहीकडे. उलट बाजूनं गेलं की वहीत नसलेली खाती सापडतात. शिवाय बदल ज्या दिवशी झाला त्या दिवसाची जुनी वही बांधून, सही-शिक्क्यानिशी ठेवून द्यायला सांगा. काही ठिकाणी जागा होत नाही म्हणून जुन्या वह्या रद्दीत निघाल्याचं ऐकलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

प्रश्न कसे असतात ते सांगते, कारण हुशार माणसंही तिथंच अडतात. चारही पर्याय बरोबर दिसतात. विचारलेलं असतं की सर्वात आधी काय कराल, सर्वात मोठी चिंता कोणती, सर्वात चांगला पुरावा कोणता. समजा, असा प्रश्न आहे: एका लहान कार्यालयात एकच कर्मचारी नोंद करतो आणि मंजुरीही तोच देतो. ऑडिटरनं सर्वात आधी काय करावं? पर्याय: दुसरा माणूस नेमायची शिफारस करावी, व्यवस्थापनाला गंभीर दोष कळवावा, त्याचा मंजुरीचा अधिकार काढून घ्यावा, किंवा ही उणीव भरून काढणारं दुसरं काही नियंत्रण आहे का ते पाहावं. आपला हात लगेच पहिल्या दोनांकडे जातो. उत्तर चौथं. आधी पाहा, मग बोला. आणि अधिकार काढून घेणं हे ऑडिटरचं कामच नव्हे, तो सुचवतो, कारभार चालवत नाही.

हा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला, कारण तो आपल्या प्रत्येक सोसायटीचा आहे. एक गटसचिव चार-पाच गावं सांभाळतो. सॉफ्टवेअरमध्ये नोंद करणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा, अशी व्यवस्था असते. प्रत्यक्षात अध्यक्षांचा आयडी आणि पासवर्ड गटसचिवाच्या डायरीत लिहिलेला असतो, कारण अध्यक्ष वावरात असतात आणि त्यांना स्क्रीनशी काही देणंघेणं नसतं. पूर्वी मी "अंतर्गत नियंत्रण अपुरे" असा शेरा लिहून मोकळी होत असे. वर्षानुवर्षं तोच शेरा, वर्षानुवर्षं तीच दुरुस्ती, "यापुढे काळजी घेऊ". दुसरा माणूस नेमायला सोसायटीकडे पैसाच नसतो, हे आपल्यालाही माहीत असतं. आता मी माणूस मागत नाही. आठवड्याच्या नोंदींची एक प्रिंट अध्यक्षांनी रकमा पाहून सही करावी, ठरावीक रकमेवरचं कर्जवाटप मासिक सभेत वाचून दाखवावं, सभासदाचा मोबाइल नंबर भरलेला असावा आणि तो खरोखर त्याचाच असावा, एवढं मागते. मोबाइल नंबरचा मुद्दा लहान समजू नका. एका ठिकाणी यादी काढली तर पुष्कळ सभासदांपुढे एकच नंबर, तो कार्यालयातल्या माणसाचा. सगळे मेसेज एकाच खिशात. ती यादी काढायला मला फार वेळ लागला नाही, पण काढावी हे सुचायला हा अभ्यास लागला.

भाषेबद्दल. परीक्षा इंग्रजीत द्यावी लागते. मराठी नाही, हिंदीही नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.कॉम. यवतमाळला. जी.डी.सी. अँड ए. चे पेपर आपण मराठीत लिहितो. त्यामुळे ही भीती मी समजू शकते. पण इथं लिहायचं काही नाही, वाचायचं आहे, आणि शब्दसंग्रह ठरावीक आहे. तेच पाच-सहाशे शब्द फिरून फिरून येतात. मी एका वहीत प्रत्येक संकल्पनेपुढे तिचं सोसायटीतलं उदाहरण मराठीत लिहीत गेले. व्याख्येपेक्षा ते उदाहरणच डोक्यात राहिलं. ज्यांना वाटतं की आपल्याला इंग्रजी बोलता येत नाही म्हणून हे आपल्यासाठी नाही, त्यांनी तो विचार काढून टाकावा.

आयसाकाचं रिव्ह्यू मॅन्युअल, सध्याची २८वी आवृत्ती, जाड आहे आणि वाचायला रुक्ष आहे. संदर्भाला ठेवा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या फंदात पडू नका. खरा पैसा वसूल होतो तो त्यांच्या प्रश्नसंचात. हजाराच्या आसपास प्रश्न, आणि प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक याचं स्पष्टीकरण. चूक पर्यायांची स्पष्टीकरणं मी जास्त लक्ष देऊन वाचत असे. परीक्षा घेणारा कसा विचार करतो ते तिथंच उलगडतं. ऑनलाइन "खरे प्रश्न" विकणारे खूप भेटतील, व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवतील. ते घेऊ नका. परीक्षेच्या नियमात ते बसत नाही, आणि दुसऱ्याच्या खोट्या नोंदी शोधणाऱ्यानं चोरीच्या प्रश्नांवर पास व्हावं हे मला पटत नाही. महागड्या कोचिंगचीही गरज मला वाटली नाही.

परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते. आपल्या भागात तो मार्ग मी कुणाला सुचवणार नाही. खोलीत दुसरं कुणी यायचं नाही, टेबल मोकळं, तोंडानं पुटपुटून वाचायचं नाही, आणि चार तास नेट अखंड पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. इन्व्हर्टर घर चालवेल, टॉवरचं काय? मी पुण्याचं केंद्र घेतलं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेले, आदल्या दिवशीच पोहोचले आणि नीट झोपले. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः सारखं पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी हे फी भरण्याआधीच तपासावं. चार तास पुरतात. मी अडलेले प्रश्न खूण करून पुढे गेले आणि शेवटी परत पाहिले. पास की नापास ते तिथंच स्क्रीनवर दिसतं, अधिकृत गुण नंतर ई-मेलनं येतात. नापास झालात तर पहिल्यांदा ३० दिवस थांबावं लागतं, त्यानंतरच्या प्रयत्नांना ९० दिवस, आणि १२ महिन्यांत चारपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. प्रत्येक वेळी फी पूर्ण. म्हणून प्रश्नसंचात स्वतःला समाधान वाटल्याशिवाय तारीख घेऊ नका.

पास झालं म्हणजे सीसा झालं असं नाही. माहिती यंत्रणेचं ऑडिट, नियंत्रण किंवा सुरक्षा यातला ५ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पदवी वगैरेंवर जास्तीत जास्त ३ वर्षांची सूट मिळते. परीक्षा पास झाल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज करायचा. आपल्या मंडळींना खरी अडचण इथं येते. नुसतं "सोसायटी ऑडिट केलं" म्हणून भागत नाही. त्या ऑडिटमध्ये यंत्रणेचं काय तपासलं हे सांगता आलं पाहिजे आणि ज्याला ते माहीत आहे अशा माणसानं ते पडताळून द्यायला पाहिजे. मी आधीपासून अमरावतीच्या एका सी.ए. फर्मच्या टीममध्ये बँकांच्या सिस्टीम ऑडिटला जात होते, त्यामुळे माझं निभावलं. तुमच्याकडे तसा जोड नसेल तर आजपासूनच एखाद्या फर्मशी बोला, माहिती तंत्रज्ञानाचा भाग स्वतःकडे मागून घ्या, आणि काय तपासलं त्याची कागदपत्रं नीट ठेवा. परीक्षा नंतर दिली तरी चालेल, अनुभवाचं घड्याळ आधी सुरू करा.

नंतरही अभ्यास सुटत नाही. वर्षाला किमान २० तास आणि तीन वर्षांत मिळून १२० तास शिक्षण दाखवावं लागतं. चॅप्टरची आणि आयसाकाची ऑनलाइन व्याख्यानं असतात, पुष्कळशी सदस्यांना फुकट, त्यामुळे दारव्ह्यात बसून हे पुरं होतं. ही अट मला जाचक वाटत नाही. उलट आवडते. ज्या कामात सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं तिथं जुन्या ज्ञानावर कुणी तीस वर्षं सह्या करू नयेत.

काय मिळत नाही तेही लिहिते. सीसामुळे सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली वैधानिक लेखापरीक्षणाचा अधिकार मिळत नाही, तो नामतालिकेवर असल्यानंच मिळतो. ऑडिट फीमध्ये या प्रमाणपत्राचा वेगळा रकाना नाही. सोसायटीचे संचालक तुमच्या नावापुढची अक्षरं पाहून जादा पैसे देणार नाहीत. नागरी बँका आणि मोठ्या पतसंस्थांच्या सिस्टीम ऑडिटच्या टीममध्ये मात्र जागा मिळते, तिथला मोबदला बरा असतो, आणि माझा खर्च तिथूनच निघाला. तुम्ही सी.ए. असाल तर तुमच्या इन्स्टिट्यूटचा माहिती यंत्रणा ऑडिटचा स्वतःचा अभ्यासक्रम आहे, आपल्या कायद्याच्या चौकटीत बसणारा, तो आधी पाहा. आमच्यासारख्यांना ते दार नाही.

आयसाकाबद्दल माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. एक, फी जगभर एकाच डॉलरच्या दरानं. शिकागोजवळच्या ऑफिसात बसलेल्या ऑडिटरला आणि दारव्ह्याच्या ऑडिटरला ५७५ डॉलर सारखेच वाटत असतील असं धरून चालणं बरोबर नाही. दुसरी, उदाहरणं सगळी मोठ्या कंपन्यांची. तीन माणसांची शाखा, एक लॅपटॉप, कधी येणारं कधी जाणारं नेट, अशा ठिकाणी हेच नियम कसे लावायचे हे पुस्तकात जवळजवळ नाही. ते भाषांतर आपल्यालाच करावं लागतं, प्रत्येक संस्थेत नव्यानं. भारतात लहान सहकारी संस्था इतक्या आहेत की इथल्या चॅप्टरांनी मनावर घेतलं तर एक छोटी पुस्तिका सहज निघेल. मी पुणे चॅप्टरला तसं पत्र लिहिलं आहे.

एक लाख रुपये आज जमत नसतील तर थांबू नका. पुढच्याच ऑडिटला गटसचिवाकडून तीन याद्या मागा. सॉफ्टवेअरमध्ये चालू असलेले सगळे युजर आयडी, मागच्या तारखेनं टाकलेल्या नोंदी, आणि एकाच मोबाइल नंबरवर असलेले सभासद. याद्या निघत नाहीत असं उत्तर आलं तर सॉफ्टवेअरवाल्याला त्यांच्यासमोरच फोन लावायला सांगा. निघतात. आणि बॅकअप घेतो असं कुणी सांगितलं तर तो कुठं आहे आणि शेवटचा कधी उघडून पाहिला ते विचारा, शक्य असेल तर तुमच्यासमोर दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवायला लावा. याला फी लागत नाही. याद्यांचा नमुना कसा मागायचा हे कुणाला पाहिजे असेल तर मला विचारा, मी मराठीत करून ठेवला आहे, तसाच पाठवते.